‘हिच्यात मूळचं राहिलं काय?’

‘पुढे डिस्क ब्रेक, वायरिंग नवं, फ्लोअरचा पत्रा नवा, मागचा पाटाही (लीफ स्प्रिंग) बदललेला. मग हिच्यात मूळचं राहिलं काय?’

हे मला मुंबई-पुण्याहून येणारे गाडीवेडे विचारतात, शेजारचे विचारतात, आणि जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात भेटणारे जाणकार तर जरा नाराजीनंच विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सगळं सांगून टाकतो.

गाडी साठच्या दशकातली, दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड. मुक्काम वेंगुर्ला, समुद्र हाकेच्या अंतरावर. हेराल्डला कुणी स्पोर्ट्स कार म्हणणार नाही, पण तिचं घराणं तेच आहे. इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्तीनं ती रेखाटली. इंग्लंडात १९५९ साली ती ट्रायम्फ नावानं आली आणि १९६१पासून मद्रासजवळच्या कारखान्यात स्टँडर्ड म्हणून बनू लागली. १९६२ साली ट्रायम्फनं हिचीच चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, आखूड करून स्पिटफायर काढली, दोन माणसांची, उघड्या टपाची, खरीखुरी स्पोर्ट्स कार. ती रेखाटणाराही मिकेलोत्तीच. इंजिन एकाच कुळातलं, पुढचं सस्पेन्शन आणि मागचा आडवा पाटा एकाच पद्धतीचा. म्हणून स्पिटफायरसाठी इंग्लंडात आजही नवे बनणारे कितीतरी भाग हेराल्डला सरळ बोल्टनं बसतात. माझे बहुतेक बदल त्याच पेटीतले आहेत.

घरी काम करणाऱ्यासाठी हेराल्डइतकी मनमोकळी गाडी मी दुसरी पाहिलेली नाही. तिच्या वेळेला बाकीच्या गाड्या चॅसी आणि बॉडी एकजीव करण्याकडे वळल्या होत्या. ट्रायम्फला मात्र बॉडी बनवून देणारा मोठा पुरवठादार प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात गेला होता. मग त्यांनी वेगळी चॅसी ठेवली आणि बॉडीचे तुकडे निरनिराळ्या ठिकाणी बनवून बोल्टनं जोडले. पुढचा भाग वेगळा, मागचा वेगळा, छतसुद्धा वेगळं. बॉनेट तर मडगार्डांसकट पुढे कलंडतं, आणि तुम्ही चाकावर बसून इंजिनाशी बोलू शकता. कारखान्याची ती अडचण साठ वर्षांनी माझ्या मांगरात, म्हणजे घराजवळच्या शेडमध्ये, कामी आली. क्रेन नाही, मोठी जागा नाही. चार माणसं, दोन वासे, आणि बॉडी चॅसीवरून उतरली.

उतरली तेव्हा प्रश्न समोर आला. वरून गाडी बरी दिसत होती. खाली पुढचे आउटरिगर, म्हणजे चॅसीच्या मुख्य कण्यापासून बाजूला निघणारे बॉडी पेलणारे हात, हातोडीच्या टोल्यानं ठिसूळ बिस्किटासारखे गळून पडले. बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे एक वयस्क मिस्त्री बघायला आले होते. ते म्हणाले, ‘‘गाडी कुजता ती आतसून. भायरसून तुमका दिसता तेव्हा उशीर झालेलो असता.’’

म्हणून आधी मिठाचं सांगतो, कारण बाकी सगळ्या निर्णयांचं मूळ तिथे आहे.

पावसात भिजली की गाडी गंजते, असं लोक धरून चालतात. किनाऱ्यावर गणित वेगळं आहे. साधं मीठ हवेतली आर्द्रता पाऊणशे टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होऊ लागतं. वेंगुर्ल्यात हवा तितकी कोरडी कधी असते? म्हणजे वाऱ्याबरोबर आलेला खार पत्र्यावर बसला, की ऐन मे महिन्याच्या दुपारीही त्याच्याखाली न दिसणारी ओल असते, आणि क्लोराइड गंजाला थांबू देत नाही. उलट जोराचा पाऊस उघड्या पत्र्यावरचं मीठ धुऊन नेतो. जिथे पाऊस पोचत नाही, म्हणजे मडगार्डाच्या आतल्या कडा, चॅसीची वरची बाजू, दाराच्या तळाची घडी, तिथे मीठ साठत जातं. गाडी तिथेच मरते.

हे एकदा कळलं की रूढ उपायांकडे वेगळ्या नजरेनं पाहता येतं. खालून डांबरासारखा काळा लेप मारण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. तो वर्ष-दोन वर्षांत कुठेतरी सुटतो, फटीतून खारी ओल आत जाते आणि बाहेर यायला वाट राहत नाही. वरून सगळं काळंभोर आणि गुळगुळीत, आत पत्र्याचा भुगा. प्लॅस्टिकची ताडपत्री अंगाला चिकटवून गाडी झाकणंही तसंच. माझी गाडी मांगरात, तिन्ही बाजूंनी वारा खेळेल अशी उभी असते, खाली चिऱ्याची जमीन न ठेवता कोबा केलेला आहे, कारण चिरा ओल धरतो आणि सोडतो. गाडी धुवायला गोडं पाणीच लागतं. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर धुणं म्हणजे नव्यानं मीठ लावणं. आम्ही पन्हळीचं पाणी पिंपात साठवतो आणि पाइप लावून ते खालून मारतो, वरून एवढं नाही मारलं तरी चालतं.

पत्र्याचं काम असं झालं: कुजलेला भाग लांबी (पुट्टी) भरून लपवायचा नाही, चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचं, आणि तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड करायचा. उघड्या लोखंडावर जस्ताचं प्रमाण भरपूर असलेला प्रायमर, त्यावर इपॉक्सी, मग रंग. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. बोटींच्या तळाला जस्ताच्या वड्या लावतात त्या याच तत्त्वावर, म्हणून काही जण गाडीलाही वडी लावायला निघतात. तिथे थांबवावं लागतं. बोट पाण्यात बुडालेली असते, पाण्यातून वडीचा परिणाम सगळीकडे पोचतो. गाडी हवेत उभी असते. तिथे जस्त पत्र्याला सगळीकडे चिकटून असलं तरच उपयोग. शेवटी पोकळ भागांत पातळ मेण, लांब नळीच्या फवाऱ्यानं, दर आगोटीला, पावसाच्या तोंडावर. आणि पाणी निघून जायची भोकं तारेनं मोकळी करायची. कारखान्यानं ठेवलेली ही भोकं कित्येक गाड्यांत रंगाखाली बुजलेली असतात.

तर मग मूळचं काय राहिलं? फ्लोअर नाही राहिला. आउटरिगर नाही राहिले. ते मूळचे ठेवले असते तर आज गाडीच राहिली नसती. कोरड्या हवेतल्या माणसाला ‘हात न लावलेली गाडी’ ही चैन परवडते. आमच्याकडे जिला हात लावला नाही ती गाडी संपली.

पण मिठाच्या नावाखाली मी काहीही बदललं असतं, तर तुमचा प्रश्न योग्यच होता. म्हणून दोन अटी घातल्या. बदल पुन्हा उलटा फिरवता आला पाहिजे, म्हणजे नवीन भोक नाही, कापाकापी नाही, जुना भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून माळ्यावर. आणि हेराल्ड चालवताना हाताला, पायाला, कानाला जे जाणवतं त्याला धक्का लागता कामा नये.

ब्रेकचं उदाहरण घ्या. माझ्या हेराल्डला चारी चाकांना ड्रम होते. स्पिटफायरला पहिल्यापासून पुढे डिस्क होत्या, आणि त्या हेराल्डच्या पुढच्या भागावर बोल्टनं बसतात. आंबोली घाट उतरताना ड्रम तापतात, पेडल दाबूनही गाडी रेंगाळत थांबते. घाटात समोरून ट्रक येतो त्याला माझ्या गाडीचं वय माहीत नसतं. डिस्क लावल्या, पश्चात्ताप नाही. मागचे ड्रम तसेच ठेवलेत. (वेंगुर्लेकर म्हणून सांगायलाच हवं: ब्रेक लायनरच्या मिश्रणात काजूच्या टरफलाच्या तेलापासून बनवलेली भुकटी वापरतात, तापल्यावरही घर्षण स्थिर राहावं म्हणून. आमच्या बागेतलं टरफल जगभरच्या गाड्या थांबवतं, याचा मला फार अभिमान वाटतो.) लोखंडी ब्रेक पाइप काढून तांबं-निकेलच्या मिश्रधातूचे घातले, ते गंजत नाहीत. ब्रेक ऑइल नेहमीचंच, डॉट फोर. ते हवेतून पाणी शोषतं, म्हणून दर वर्षी बदलतो. सिलिकॉनचं ऑइल पाणी शोषत नाही हे खरं, पण मग आत शिरलेलं पाणी वेगळं राहून सगळ्यात खालच्या सिलिंडरमध्ये जाऊन बसतं. किनाऱ्यावर मला ते नको.

मागच्या पाट्याबद्दल सगळ्यात जास्त वाद होतो. हेराल्डच्या मागच्या चाकांचे दांडे डिफरन्शियलपाशी, म्हणजे दोन्ही चाकांना फिरवणाऱ्या मधल्या गिअरपेटीपाशी, सांध्यावर झुलतात. वळणात वेगानं जाताना घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, तर मागची बाजू उचलली जाते, बाहेरचं चाक पोटाखाली दुमडतं आणि शेपूट सुटते. ट्रायम्फलाही हे ठाऊक होतं. त्यांनी १९७० साली आलेल्या स्पिटफायर मार्क फोरला नवा पाटा दिला. त्यात खालचं एक पान घट्ट धरलेलं आणि बाकीची पानं मधल्या खिळीवर झुलणारी, जोडीला पुढे जाडा अँटीरोल बार, म्हणजे वळणात गाडीचं कलणं रोखणारी दांडी. पाटा आणि बार दोन्ही एकत्र बसवावे लागतात, नुसता पाटा बसवला तर गाडी वळणात फार कलते. मी दोन्ही बसवले. धुक्यातल्या ओल्या घाटात गाडी आता धरून चालते, आणि तरीही ती हेराल्डच वाटते, कारण हा उपाय तिच्याच घरातल्या माणसांनी काढलेला आहे. बाहेरच्या कुठल्या गाडीचं सस्पेन्शन खाली घातलं असतं तर तुमच्यासमोर मान खाली घातली असती.

वायरिंगवर फार बोलत नाही. फ्यूज वाढवले, दिव्यांना रिले दिले, प्रत्येक अर्थ, म्हणजे वायर गाडीच्या लोखंडाला जोडलेली जागा, साफ करून ग्रीसखाली बंद केला. जुन्या गाड्यांच्या अर्ध्या तक्रारी खराब अर्थच्या असतात.

पेट्रोलवर मात्र बोलायला हवं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं, जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर फुगवतं किंवा कडक करतं, आणि त्यात ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या कार्बोरेटरला मिश्रण फिकं पडतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं. म्हणून नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा (डायफ्रॅम) बदलला, जेट किंचित मोठा केला. पावसात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवतो.

इंजिनाला हात का नाही लावला, हेही लोक विचारतात. ९४८ सीसीचं इंजिन. मारुतीचं जास्त ताकदीचं इंजिन घाला, उडेल, असा सल्ला मला पुष्कळदा मिळालाय. एक तर कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कारखान्याच्या मूळ तपशिलाबाहेरचे बदल करू देत नाही, आणि इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी लागते. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. शिवाय ती गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. मी ती नोंदणी घेतली नाही. नेहमीची नोंदणी मुदत संपली की नूतनीकरण करून घेतो, कारण मला या गाडीतून बाजारात जायचं असतं.

पण कायदा नसता तरी इंजिन तेच राहिलं असतं. त्याचा आवाज, दुसऱ्या गिअरात चढ घेताना त्याचं ते चिकाटीनं ओढणं, हीच हेराल्ड आहे. सुकाणूही (स्टीअरिंग) तसंच आहे. ही गाडी पंचवीस फुटांच्या घेरात वळते. वेंगुर्ल्याच्या बाजारात मासळीच्या पाट्या, रिक्षा आणि माणसं यांच्यामधून एका झटक्यात वळून परत येता येतं, आज नवी गाडी घेणाऱ्यालाही हे सुख मिळत नाही. बॉनेट कारखान्यातूनच आलेलं, त्यावरच्या दोन जुन्या पोचांसकट.

आणि पुढच्या चाकांचे पितळी ट्रुनियन. चाक वळतं ते या ट्रुनियनमध्ये फिरणाऱ्या आट्यांवर. कित्येक मेकॅनिक निपल दिसलं की ग्रीस मारतात. इथे ९० नंबरचं गिअर ऑइलच हवं, कारण ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत उतरत नाही, खालून पाणी शिरतं, लोखंडी खांब आतून गंजतो आणि एक दिवस वळताना तुटून चाक आडवं होतं. काही जण याऐवजी बॉल जॉइंटचं आधुनिक रूपांतर सुचवतात. मी पितळच ठेवलंय. तेल वेळेवर दिलं तर ते उत्तम चालतं, आणि सुकाणूची ती हलकी, नितळ जाणीव बरीचशी त्यातूनच येते. मेळाव्यात परीक्षकांनी डिस्कचे गुण कापले तर कापू देत. त्यांना माझं एकच सांगणं आहे: खाली वाका, ट्रुनियनला बोट लावा आणि तेल आहे की ग्रीस ते बघा.