तुम्ही विचारलंत म्हणून: मी पॅटीसच्या ऑर्डरी का घेत नाही

मला कायम दोन प्रश्न विचारले जातात, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा एकच माणूस दोन्ही विचारतो. ओव्हनमधनं ट्रे बाहेर येताना बघून, "अगं एवढा कुटाणा कशाला, कोपऱ्यावरच्या बेकरीत मिळतंय की." आणि मग दोन पॅटीस खाऊन झाल्यावर, बोटाला लागलेले पापुद्रे चाटत, "तू ऑर्डरी का बंद केल्यास गं? आधी घ्यायचीस ना?" पहिल्यावर मी नुसती हसते. दुसऱ्याला आजपर्यंत म्हणत आले की पुरात ओव्हन गेला ना, तेव्हापासनं राहिलंच. सांगलीत पूर म्हणलं की पुढं कुणी खोलात जात नाही. परवा नणंदेनं परत विचारलं, मी परत पूर म्हणलं, आणि माझा मलाच वीट आला. म्हणून एकदाच लिहून टाकते.

पहिला प्रश्न आधी उरकते कारण त्याचं धड उत्तर माझ्याकडं नाहीच. पूर्वी होतं. २०१८ मध्ये कुणी विचारलं असतं तर दहा मिनिटांचं भाषण ऐकवलं असतं, की बेकरीत मार्जरीन असतं, डालड्याचा सख्खा भाऊ, ट्रान्स फॅट, हार्टला वाईट, मी मात्र बटरशिवाय काही वापरत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर पण टाकलंवतं एकदा, वर फुलांची इमोजी लावून. आता ते भाषण चालत नाही हो. २०२१ मध्ये सरकारनं तेलातुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा तीन टक्क्यांवर आणली आणि २०२२ पासनं दोन टक्क्यांवर, म्हणजे माझा मुद्दा कायद्यानंच काढून घेतला. आणि बटर काय पालेभाजी आहे का? शंभर ग्रॅममध्ये ऐंशी ग्रॅम फॅटच. ह्यांचं कोलेस्टेरॉल वाढलं तेव्हा डॉक्टरनी विचारलं की बाहेरचं फार खाता का, तर हे माझ्याकडं बघून म्हणाले, "बाहेरचं अजिबात नाही."

चवीचं म्हणाल तर थांबा, तिथंच यायचंय मला.

सासूबाई पहिल्यांदा ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या आणि दोन मिनिटं बघून म्हणाल्या, "हे काय नवीन? हे तर साट्याचंच." बरोबरच होतं त्यांचं. चिरोट्याला आपण पोळ्यांवर तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा फासून वळकटी करतो आणि तळतो, इथं बटरची लादी पिठाच्या पाकिटात बंद करून लाटायची, तीन पदरी घडी घालायची, फ्रीजमध्ये अर्धा तास, परत लाटायचं, परत घडी. सहा वेळा केलं तर हिशोबानं ७२९ थर होतात, मी चारवर थांबते, ८१ पुष्कळ झाले. बटरमध्ये सोळाएक टक्के पाणी असतं, भट्टीत त्याची वाफ होते आणि ती पदर उचलते. पण त्यासाठी बटर थर म्हणूनच राहायला पाहिजे, गार, लाटण्याखाली वाकणारं पण पातळ न होणारं. एकदा का ते मैद्यात मुरलं की मग तो पॅटीस नाही, जाड शंकरपाळा. सारण सुद्धा कोरडं आणि पार गार झालेलं, कांदा, ढबू, गाजर, मक्याचे दाणे, थोडा उकडलेला बटाटा. कोबी नाही, मीठ लागलं की पाणी सोडतो. मोझरेला पण दोनदा घालून बघितलं, तळ ओला झाला. साधं क्यूबचं चीज बरं, वाहत नाही, आहे तिथंच मऊ होऊन बसतं.

आता एप्रिल २०१९.

तोपर्यंत पाच-सहा महिने ऑर्डरी चालल्या होत्या. वर्षाचे शंभर रुपये भरून फूड लायसनवाल्यांचं रजिस्ट्रेशन काढलेलं, खोके आणलेले, त्यावर स्टिकर. वीस नग, तीस नग, भिशीला, वाढदिवसाला. मग विश्रामबागच्या एका ओळखीच्या वहिनींचा फोन आला, नातवाचं बारसं, ११० नग, सकाळी अकराला पोचवायचे, चीज पाहिजे, आणि अंडं अजिबात नको, घरात चालत नाही. मी म्हणलं वहिनी माझ्याकडं वरून दूधच लावतात, काळजीच नको. पंचवीस रुपये नग, हजार ॲडव्हान्स. ह्यांनी विचारलं, एवढे झेपतील का? मी म्हणलं तुम्ही फक्त डोअर बेलकडं बघा. (काय तो तोरा!)

अडीच किलो मैदा, बटरच्या अर्धा-अर्धा किलोच्या चार लाद्या. फ्रीजमधनं भाज्या, दूध, लोणचं, सगळं शेजारी नेऊन ठेवलं आणि आत नुसतं पीठ. आपल्याकडचा एप्रिल तुम्हाला सांगायला नको, रात्री दहालाही भिंती गरम. ओट्यावर आधी बर्फाचं ताट फिरवायचं, पुसायचं, मग लाटायचं. दुसरी घडी झाली आणि लाईट गेली. म्हणलं येईल. अकरा वाजले, बारा वाजले. कळलं की ट्रान्सफॉर्मरच गेलाय. फ्रीज उघडायचा नाही हे मला माहीत होतं, पण एवढं साडेपाच किलो पीठ आत गच्च भरलेलं, ते धड गार व्हायच्या आतच फ्रीज बंद पडलेला. मी दर अर्ध्या तासानं उठून दारावर हात ठेवून बघायची, जसं तापाच्या पोराच्या कपाळावर ठेवतो.

साडेचारला लाईट आली. घाईघाईत उरलेल्या घड्या घातल्या तर लाटण्याला बटर लागायला लागलं, पीठ फाटून पिवळं दिसायला लागलं. सहाला पहिला ट्रे लावला. नऊ नग. पाच मिनिटांत ट्रेमध्ये बटरचं तळं, आणि पॅटीस त्यात तळायला लागले, धूर, वास, पोरगी खोकत उठून आली. बाहेर काढले तर खाली कडक, वर कच्चे, पदर एक नाही. दुसरा ट्रे तसाच. साडेसात वाजले होते आणि बाकीचं सगळं पीठ तसलंच होतं हे मला हातालाच कळत होतं.

इथं मी काय करायला पाहिजे होतं हे मला सांगू नका. आजवर हजारदा मीच मला सांगितलंय. फोन करायचा. वहिनी, असं असं झालं, ॲडव्हान्स परत देते. बारसं होतं, लग्न नव्हतं, त्यांनी भडंगाची पाकिटं आणून वेळ मारून नेली असती, सांगलीत भडंगाला तोटा नाही. पण तेव्हाची मी म्हणते की तुला आज बसून बोलायला काय जातंय, तुझ्या खोक्यावर तुझ्या नावाचा स्टिकर होता का? तो माझा होता.

मी गाडी काढली आणि मिरजेला गेले. सांगलीत नाही, मिरजेला, कारण तिथं मला कुणी ओळखत नाही. म्हणजे डोकं काम करत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही, चांगलं करत होतं. एका बेकरीत साठ मिळाले, त्रिकोणी. तिथं विचारलं, अंडं लावता का वरून, तर म्हणाला नाही, प्युअर व्हेज. उरलेले पन्नास दुसऱ्या बेकरीत, चौकोनी, आत्ताच भट्टीतनं आलेले, वरून मस्त चकचकीत. तिथं साडेआठ वाजले होते, पोरगा खोक्यात भरत होता आणि मी घड्याळाकडं बघत होते. तिथं मी विचारलं नाही. विसरले असं म्हणायची सोय आहे, पण ती चकाकी बघून माझ्या डोक्यात आलं होतं. आलं होतं आणि मी पैसे दिले.

घरी आणून गरम केले. चीज कशातच नव्हतं. म्हणून मी खाली बसून, सुरीनं एकेकाला बाजूनं चीर पाडून चीजचा तुकडा सारायला लागले, म्हणजे अगदीच फसवणूक नको! चाळीस झाले आणि दहा वाजले. बाकीचे तसेच भरले. माझ्या खोक्यात. माझा स्टिकर.

बारशात मला बसवूनच घेतलं. पाळणा म्हणून झाला आणि प्लेटा फिरल्या, आणि मग जे सुरू झालं ते मला अजून झोपेत ऐकू येतं. काय पदर सुटलेत. घरचं ते घरचंच, बेकरीच्या पॅटीसला ही चव नाही. दोन व्हरायटी केल्यात होय, त्रिकोणी आणि चौकोनी! एकानंही चीज कुठाय म्हणून विचारलं नाही. दोघींनी नंबर घेतला. मी माझ्या वाटणीचा एक चौकोनी खाल्ला, आणि खरं सांगू, चांगला होता. माझ्यापेक्षा खुसखुशीत असेल. ते मार्जरीन उन्हातही घट्टच राहतं, त्याला माझ्यासारखी रात्रभर जागरणं करावी लागत नाहीत.

मग घरातल्या आज्जी. नव्वदीच्या जवळच्या, नऊवारी, दात नाहीत, प्लेट मांडीवर. त्यांनी मला खुणेनं बोलवलं, पॅटीस माझ्यापुढं धरला. चौकोनी. "अंडं नाही ना गं बाळ यात?"

मी म्हणलं, "नाही आज्जी."

त्यांनी खाल्ला. मग दुसरा मागितला. वहिनी हसत म्हणाल्या, आज्जी बाहेरचं काही तोंडाला लावत नाहीत, पण तुझं आहे म्हणून. उरलेले साडेसतराशे वहिनींनी पाकिटात घालून वर ब्लाऊज पीस दिला. ओटी भरली माझी.

आता कुणी म्हणेल त्यात काय एवढं, कदाचित नुसतं दूधच असेल, कदाचित कसलंतरी तेल. असेलही. मी विष घातलं नाही कुणाला. ह्यांना पण तेवढंच सांगितलंय, की बिघडलं म्हणून विकत आणून दिले. आज्जींचं नाही सांगितलं. त्या दिवसानंतर ज्या ऑर्डरी आल्या त्यांना मी म्हणलं उन्हाळा आहे, बटर टिकत नाही, पावसाळ्यात बघू.

आणि पावसाळ्यात पूर आला. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ ची. आमचं घर गावभागात, तळमजला, त्यामुळं ओव्हन, फ्रीज, खोके, स्टिकरचा अख्खा गठ्ठा, सगळं गेलं. आम्ही आठ दिवस मिरजेला भावाकडं होतो. परत आल्यावर ओव्हनचं दार उघडलं तर आतनं चिखलच बाहेर आला. शेजारणी रडत होत्या, मीही रडले, पण बाई, मनात कुठंतरी हलकं पण वाटलं. गावातल्या लोकांचे संसार गेले आणि मला हलकं वाटतंय, हेही लिहूनच टाकते आता. तेव्हापासनं जो विचारेल त्याला पूर.

नवीन ओव्हन दोन वर्षांनी घेतला. रविवारी करते, बारा नग, तिघांना आणि एखाद्या पाहुण्याला पुरतात. आणि आता मला विचाराल की बेकरीतलं आणि तुझं खाणाऱ्याला वेगळं कळतच नाही हे तुला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलंय, तरी का करतेस, तर मला नाही सांगता येत. हातांना आवडतं म्हणावं तर भाकरी थापायला पण आवडतं, ते कुणी विचारत नाही. कधी वाटतं मी ते ११० अजून पुरे करतेय, बारा बारानं. पण तसा हिशोब लावला तर ते केव्हाच पुरे होऊन वर शेकड्यांनी गेले असतील, मग तेही नाही.

मागच्या आठवड्यात त्या वहिनींचा फोन आला. ते बारशाचं पोरगं आता शाळेत जातंय, त्याचा वाढदिवस. तसलेच पाहिजेत म्हणाल्या, दोन व्हरायटीवाले. आज्जी अजून आहेत, ऐकू कमी येतं, पण पॅटीसवाल्या पोरीची आठवण त्यांनीच काढली म्हणे. मी म्हणलं, ह्यांना विचारून सांगते. ह्यांना काय विचारायचंय त्यात?

काल मिरजेला कामानं गेले होते. ती दुसरी बेकरी तिथंच आहे, बोर्ड तेवढा बदललाय. गाडी स्टँडला लावली, आत गेले, काउंटरला एक वयस्कर माणूस होता, काय पाहिजे ताई म्हणाला. मागं ट्रेमध्ये चौकोनी पॅटीस होते, चकचकीत.

अर्धा किलो खारी घेतली आणि आले.