नौपाड्यातली हिशेबाची वही

नेरुळहून ठाण्याला जाणारी लोकल रविवारी सकाळी बरीच रिकामी असते, म्हणून जुन्या सचित्र मासिकांच्या शोधात मी शक्यतो त्याच दिवशी निघतो. १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय चालवणाऱ्या या शहरात वाचणारी घरे पुष्कळ होती, आणि अशा घरांच्या माळ्यांवर अजूनही काहीबाही निघते. जांभळी नाक्याची गर्दी आणि रद्दीच्या दुकानांत गेलेले दोन तास यांविषयी मात्र लिहिण्यासारखे काही नाही.

नौपाड्यातली एक जुनी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी होत होती आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे त्यांच्या यजमानांनी जमवलेल्या ‘दीपावली’च्या अंकांचे चार बांधीव खंड होते. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ साली सुरू केलेल्या या अंकाच्या मुखपृष्ठांसाठी मी कितीही जिने चढेन. पण पहिला खंड उघडला आणि मन खट्टू झाले. जाडी कमी व्हावी म्हणून बाइंडरने सगळी मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकली होती, आणि कडा इतक्या आत कापल्या होत्या की काही चित्रांतल्या बायकांच्या हातांची बोटेच गेली होती. अंक बांधून घेतला म्हणजे तो जपला, ही समजूत घरोघरी आणि ग्रंथालयांतही होती. गंजलेल्या टाचण्यांपेक्षा तिनेच आपल्या मासिकांचे जास्त नुकसान केले, असे माझे स्पष्ट मत आहे.

“अहो, ती कव्हरं मी वह्यांना घातली,” असे म्हणत आजींनी कोकम सरबताचा पेला माझ्यापुढे ठेवला आणि कपाटातून हिशेबाची एक वही काढली. बाहेरून पिवळट पडलेली साबणाची जाहिरात दिसत होती. चित्र आतल्या बाजूला होते. दुमडलेली कड हलकेच उचलली, तर इतकी वर्षे उजेड न लागलेला लाल रंग जसाच्या तसा होता, कोपऱ्यात दलालांची सही होती, आणि भिंग धरल्यावर ब्लॉकच्या छपाईचे बारीक ठिपके एकेक वेगळे दिसले.

मी ती वही मागितली. मागायला नको होती.

“खंड सगळे न्या. वही नको, तीत ह्यांचं अक्षर आहे.”

मग मी फक्त छायाचित्र घेण्याची परवानगी विचारली. त्या वही घेऊन खिडकीपाशी आल्या आणि माझे काम होईपर्यंत कागदाची कड स्वतःच्या बोटाने धरून उभ्या राहिल्या. खंडांचे पैसे त्यांनी मोजून घेतले, चष्मा लावला, वहीतले शेवटचे लिहिलेले पान काढले आणि वाणी, दूध, भाडे अशा यजमानांच्या अक्षरातल्या नोंदींखाली तारीख घालून माझी रक्कम जमेला लिहिली.