चौथी सीट: डमी क्रमांक ३

माझ्या मुलांच्या चित्रपुस्तकाची दुसरी डमी, म्हणजे छपाईआधीचा कच्चा नमुना, रद्दीत गेली. एका शब्दापायी: ‘धन्यवाद’.

गोष्ट तीच आहे. आजी आणि नात डोंबिवलीहून स्लो लोकलने दादरला निघतात, लेडीज डब्यातून. मागच्या खेपेला मी नातीला पानोपानी ‘धन्यवाद काकू’ म्हणायला लावलं होतं. शेजारच्या पाच वर्षांच्या चिमुरडीला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, “ही टीव्हीतली आहे का?” संपलंच! इतकी वर्षं या लाइनीवर काढली, पण तिघींच्या बाकावर चौथी टेकते तेव्हा धन्यवाद म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. “जरा सरकता का?” एवढंच. मग ती चौथी, स्वतः अर्धी हवेत असताना, समोर उभी असलेलीची पिशवी मांडीवर घेते. फेड तिथल्या तिथे.

म्हणून आता तो शब्द पुस्तकात कुठेच नाही. जागा देणाऱ्या काकू मटार सोलतायत, आणि नात काही न विचारता त्यांच्या पिशवीतली शेंग उचलून सोलायला लागते. शब्द म्हणाल तर डब्यातलेच:

“कुठे उतरणार?”
“ठाणे.”
“मग ती जागा आजींना हं.”

आता रडगाणं. बाकाचं चित्र पान १४-१५ वर होतं आणि नातीचा चेहरा नेमका घडीत गेला. शिवाय पिनांच्या बांधणीत ही दोन पानं वेगवेगळ्या कागदांवर येतात, त्यामुळे बाक मध्येच दोन मिलिमीटर खाली उतरला. ३२ पानांत सलग कागद मिळतो तो फक्त मधोमध, १६-१७ ला. मग बाक तिकडे सरकवला (बाकालाच सरकायला सांगितलं म्हणायचं), नातीला घडीच्या डावीकडे घेतलं, आणि मोकळ्या झालेल्या १४-१५ वर खिडकीतून दिसणारा मुंब्र्याचा डोंगर टाकला. डोंगर घडीत गेला तर कोणाला कळतंय!

कापताना कडेला ३ मिलिमीटर जादा रंग ठेवायचा, हे मला ठाऊक होतं. तरी विसरले. छपाईवाल्याने आजीचा अंबाडा उडवला.

डब्यात धरायला वर लटकणाऱ्या कड्यांनी सगळ्यात जास्त दमवलं. मी प्रत्येक कडी वेगळ्या दिशेला झुलवली होती, दिसायला छान म्हणून. रोजच्या ग्रुपमधल्या एकीने मोबाइलवर फोटो पाहिला आणि विचारलं, “गाडी चाललीय की थांबलीय?” दुसऱ्या दिवशी नीट बघितलं: ब्रेक लागला की सगळ्या एकदम पुढे कलतात. बावीस कड्या पुन्हा काढल्या.

रंगांत डबा सगळा करडा-निळा, हिरवे फक्त मटार. ३०० जीएसएमच्या (म्हणजे चांगल्या जाड) कागदावर करड्याचे दोन हात बरे बसले, तिसऱ्याला चिखल झाला. स्टीलची चमक पांढरा कागद राखून काढायची की वरून पांढरा गॉश (खालचं झाकणारा अपारदर्शक जलरंग) लावायचा, यावर अडलेय. कोणी करून बघितलं असेल तर सांगा, कड्या अजून रंगवायच्याच आहेत.