पैसे नव्हते म्हणून पाय कापला का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. रुग्णांचे नातेवाईक विचारतात, मदतीचे चेक घेऊन येणारे कार्यकर्ते विचारतात, कोथरूडला आमच्या सोसायटीच्या जिन्यातही विचारून झालं आहे. मुंबईत सार्कोमाच्या, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या मऊ भागात होणाऱ्या कर्करोगाच्या, रुग्णांचे पाय वाचवतात, मग पुण्यात सरकारी योजनेवर आलेल्या माणसाचा पाय तुम्ही का कापता? पैसे नाहीत म्हणून?

पाय कापल्याने माणूस जास्त जगतो, असं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने ४३ रुग्णांवर केलेला अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. १६ जणांचा हात किंवा पाय काढला होता, २७ जणांची फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं होतं. या २७ पैकी चौघांना त्याच जागी आजार उलटला, १६ पैकी कुणालाच नाही. तरी जगण्यात लक्षणीय फरक पडला नाही. हे शिकत होते तेव्हापासून मला पाठ आहे. आमच्याकडेही बहुतेकांचे हातपाय वाचतात. त्यांच्याबद्दल कुणी विचारत नाही.

पण त्या २७ जणांना रेडिएशन घेता आलं, हे कुणी बघत नाही. पाय वाचवायचा तर आधी एमआरआय हवा, मग सुईने बायोप्सी, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणी, आणि ती सुईही पुढे जिथे छेद घ्यायचा त्याच रेषेत गेली पाहिजे. या आजाराचे पन्नासहून जास्त प्रकार आहेत, ते ओळखणारा पॅथॉलॉजिस्ट हवा. आजार पसरला तर बहुधा फुप्फुसात जातो, म्हणून छातीचा सीटी. गाठ काढताना तिच्या चहूबाजूंनी निरोगी मांस घ्यावं लागतं, मग ती जागा झाकायला प्लास्टिक सर्जन. त्यानंतर आठवड्यातले पाच दिवस असं सहा-साडेसहा आठवडे रेडिएशन. पुण्यात यातलं सगळं मिळतं. राज्य सरकारच्या महात्मा फुले योजनेत ऑपरेशन बसतं, रेडिएशनही बसतं. दीड महिना पुण्यात राहायचं भाडं बसत नाही, घरी गाईची धार काढायला माणूस मिळत नाही.

आता ज्याच्यावरून हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला गेला, त्या रुग्णाबद्दल.

पुरंदरकडचा शेतकरी, अंजिराची थोडी बाग, चाळिशीच्या आतबाहेरचा. मांडीच्या मागे, गुडघ्याच्या वर गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून हंगाम संपेपर्यंत थांबला. मग तालुक्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात ती चरबीची गाठ म्हणून काढली. तो आला तेव्हा हातात एक चिठ्ठी होती: गाठ काढली, टाके दहाव्या दिवशी. बाकी काही नाही. गाठ कुठे आहे, विचारलं. टाकून दिली म्हणे. तपासायला पाठवली असती तर आणखी पैसे लागले असते, आणि ‘साधीच तर आहे’ असं सगळ्यांनाच वाटलं होतं.

सार्कोमाभोवती जो पापुद्रा दिसतो तो दबलेल्या पेशींचा असतो आणि त्यात कर्करोगही असतो. गाठ अलगद सोलून निघते, घरच्यांना बरं वाटतं, आजार आत तसाच राहतो. त्याची गाठ काही महिन्यांत परत आली, पहिल्यापेक्षा मोठी. पहिला छेद आडवा होता. जखमेतलं रक्त-पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी गाठीपासून वीतभर लांब, मांडीच्या पुढच्या बाजूने बाहेर काढली होती. नळी ज्या वाटेने गेली ती सगळी वाट आता कर्करोगाची धरायची. एमआरआयमध्ये पोटरीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि मांडीतली मोठी नस (मज्जातंतू), दोन्ही गाठीने वेढलेल्या दिसल्या. रक्तवाहिनी बदलता येते. नस काढली तरी माणूस पट्टा बांधून चालू शकतो. पण नस, वाहिन्या, मागचे स्नायू आणि पुढची कातडी, हे सगळं काढल्यावर जो पाय उरतो त्यावर उभं राहता येत नाही.

छातीचा सीटी स्वच्छ होता. म्हणजे तो वाचू शकत होता.

बायको म्हणाली, “मॅडम, पाय ठेवा. बाकी काय व्हायचं ते होऊ द्या.” तो गप्प होता. मग त्याने विचारलं, लाकडी पायाने बागेत चिखलात चालता येतं का? मी म्हणाले, येतं, पण वेळ लागतो, आणि पावसात त्रास होतो. कृत्रिम पाय लावलेल्या एका जुन्या रुग्णाला मी बोलावून घेतलं, दोघं बाहेर बाकावर बराच वेळ बोलत बसले. दुसऱ्या दिवशी त्याने सही केली. बायकोने केली नाही, ती व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभी होती. पाय मांडीतून काढला. तो आजवर ठीक आहे.

पैसे नव्हते म्हणून कापला का? त्या दिवशी कुणी माझ्यापुढे कितीही पैसे ठेवले असते तरी मी तोच सल्ला दिला असता. पण त्याआधीच्या महिन्यांत जे झालं ते पैसे नव्हते म्हणूनच झालं. एमआरआय झाला नाही, सुईची तपासणी झाली नाही, काढलेली गाठ फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून तपासायला गेली नाही.

त्या पहिल्या डॉक्टरला शिव्या द्या, असं मला सुचवलं जातं. देणार नाही. चरबीच्या साध्या गाठी सार्कोमाच्या कितीतरी पट जास्त असतात. त्याने आयुष्यात असा सार्कोमा क्वचितच पाहिला असेल. पण मोठ्या लिंबाहून मोठी, खोलवरची, वाढत जाणारी किंवा काढून परत आलेली गाठ, यातलं एकही लक्षण असेल तर आधी सुई, मग सुरी. आणि काढलेली कुठलीही गाठ फेकायची नाही. एवढ्याला काही मोठं यंत्र लागत नाही. याचा राग मला आजही येतो, तो लपवत नाही.

तरुणपणी मी म्हणायचे, लांबून येणाऱ्या गरिबाला एकदाच काय ते ऑपरेशन करून मोकळं करावं, रेडिएशन तो अर्धवट सोडेल. आज मी म्हणते, आधी त्याच्या राहण्याची सोय शोधा, मग तो काय सोडेल ते बोला. पण सोय झाली नाही आणि रेडिएशन खरंच अर्धवट सुटलं, असंही पाहिलं आहे. तेव्हा माझ्यातली ती तरुण डॉक्टर माझ्याशी वाद घालते आणि माझ्याकडे दर वेळी उत्तर असतंच असं नाही.

त्या शेतकऱ्याचा धाकटा भाऊ तपासणीला बरोबर येतो. गेल्या खेपेला त्याने विचारलं, पहिल्यांदाच नीट तपासलं असतं तर पाय राहिला असता का? मी सांगितलं, बहुधा राहिला असता. आमच्या सिस्टर नंतर मला म्हणाल्या, कशाला सांगितलंत, आता तो आयुष्यभर स्वतःला दोष देईल. त्यांचं खरं असेल. पण त्याच भावाने परवा गावातल्या एका मुलाला दंडावरच्या गाठीसाठी, कुणी हात लावायच्या आधी, आमच्याकडे आणलं. मुलाची बायोप्सी झाली आहे, रिपोर्ट यायचा आहे.