श्रावणात दाराला रंधा मारू नका

पाऊस महिनाभर कोसळला की आमच्याकडे रत्नागिरीत घरोघरी दारं फुगतात. खांदा लावल्याशिवाय उघडत नाहीत, कडी कोयंड्यात बसत नाही. गणपती तोंडावर आलेले असतात, मुंबईची मंडळी यायची असतात, म्हणून सुताराला बोलावणं जातं. तो दार उतरवतो, कडेला रंधा मारतो, परत बसवून देतो. दार छान लागायला लागतं. मग शिमग्याच्या सुमाराला त्याच दाराच्या फटीतून उजेड दिसतो, डास आत येतात आणि कडी लावली तरी वाऱ्यावर दार खडखडतं.

घरातली लाकडाची बारीकसारीक कामं मी स्वतः करते. मामा सुतार होते, मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसून हात बसला. एवढ्या वर्षांत शेजारीपाजारी सगळ्यांना एकच गोष्ट कळकळीने सांगत आले आहे. फुगलेल्या दाराचं लाकूड पावसाळ्यात काढू नका. ते लाकूड तुम्हाला उन्हाळ्यात हवं असतं.

लाकूड हवेतला ओलावा घेतं तेव्हा फुगतं, सोडतं तेव्हा आटतं, आणि हे ते रुंदीत करतं. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. नऊ इंची सागवानी फळी घ्या. तिच्यातला ओलावा १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला, तर ती रुंदीत जवळपास एक सूत वाढू शकते, म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्या जुन्या घरांची पडवीची दारं उभ्या फळ्या जोडून केलेली असतात. तशा चार फळ्या शेजारी शेजारी आल्या की हिशोब तीन सुतांच्याही पुढे जातो. चौकटीचं दार, म्हणजे कडेने पट्ट्या आणि मधे खाचेत सैल बसवलेल्या फळ्या, कमी फुगतं ते यामुळेच. मधल्या फळ्यांना खाचेत वाढायला जागा ठेवलेली असते. त्या फळ्या फेविकॉल लावून पक्क्या करायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, उन्हाळ्यात त्या मधोमध तडकतात.

आता दार अडतंय म्हणजे ते फुगलंच असेल असंही नाही. पुष्कळदा ते लोंबलेलं असतं. दार अर्धं उघडा, मूठ धरून वर उचलून बघा. हलत असेल तर बिजागरी ढिली आहे. अडतंय कुठे तेही बघा. कडीच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात घासत असेल, खाली फरशीवर अर्धगोल ओरखडा उठला असेल आणि बिजागरीच्या बाजूला वर फट मोठी दिसत असेल, तर वरच्या बिजागरीचे स्क्रू सुटलेत. कडीच्या अख्ख्या कडेला वरपासून खालपर्यंत सारखं घासत असेल तर मात्र फुगलंय. खात्री करायची तर चौकटीच्या आतल्या बाजूला खडू फासा आणि दार एकदा लावून उघडा. जिथे खडू दाराला लागला तिथे ते टेकतंय.

बिजागरीचं काम श्रावणातही बेलाशक करा. दाराखाली पाचर सारून वजन तिच्यावर घ्या, स्क्रू काढा. भोक सैल झालेलं असतं म्हणून नुसता स्क्रू आवळून उपयोग नाही. लोक आगपेटीच्या काड्या कोंबतात. माझं मत विचाराल तर ते लाकूड फार मऊ, थोड्या महिन्यांत परत चुरा होतो. बांबूची किंवा सागाची चोय तासून फेविकॉलमध्ये बुडवा, भोकात घट्ट ठोका, रात्रभर वाळू द्या. सकाळी वर आलेला भाग पटाशीने सपाट कापा, स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडा आणि मगच स्क्रू लावा. स्क्रूला आधी साबण घासला तर मनगट वाचतं. वरच्या बिजागरीचा एक तरी स्क्रू अडीच इंची घ्या, म्हणजे तो चौकटीत खोल जातो. समुद्राच्या हवेला साधे लोखंडी स्क्रू गंजून जागीच मोडतात, तेव्हा स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळी वापरा. पितळ मऊ असतं, त्यामुळे आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडून घ्यायचे, तो काढून पितळी बसवायचा. डोकं तुटत नाही.

खरोखर फुगलेल्या दाराला पावसाळ्यात फक्त प्रथमोपचार. खडूची खूण पडली तिथे पांढरी मेणबत्ती दाबून घासा. जास्तच अडत असेल तर काचपेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून अर्धं सूत घासा, त्यापुढे हात आवरा. दिवसा दार उघडं टाका, दोन्ही बाजूंना वारा लागू द्या. पुढे रंग लावताना ते मेण टर्पेंटाइनने पुसून काढावं लागतं, नाहीतर रंग धरत नाही.

खरं काम दिवाळीनंतर, आणि त्याची सुरुवात आरशापासून. हातआरसा दाराखाली सरकवा आणि मोबाइलच्या उजेडात दाराची खालची कड बघा. बहुतेक घरांत ती कोरी असते. रंगारी पुढची बाजू, मागची बाजू आणि दोन उभ्या कडा रंगवतो. खालची कड दिसत नाही, वरची कड पाटावर चढल्याशिवाय दिसत नाही, आणि दार चौकटीत टांगलेलं असताना तिथे ब्रश जातही नाही. दाराच्या उभ्या पट्ट्यांची आडवी कापलेली टोकं नेमकी त्याच कडांवर उघडी असतात. लाकडाच्या सगळ्या नळ्या तिथे तोंड उघडून असतात, गवताच्या काड्यांची पेंढी उभी धरून टोकाकडून पाहावी तशा. बाजूपेक्षा कितीतरी पट वेगाने लाकूड तिथून पाणी पितं. आपण रोज फरशी पुसतो, ते पाणी पहिलं तिथेच लागतं.

नव्या घरांत आणखी एक कारण सापडतं. जुन्या फरशीवर नवीन टाइल्स बसवल्या की दार अडतं, मग ते खालून इंचभर कापतात आणि तसंच उघडं ठेवून टांगतात. फ्लश डोअर, म्हणजे प्लायचं सपाट दार असेल तर दोन-तीन पावसाळ्यांत खालून प्लायचे थर सुटायला लागतात. शेजारच्या वहिनींच्या स्वयंपाकघराचं दार असंच पुस्तकासारखं उलगडलं होतं.

तेव्हा कोरडी हवा पडली, दार आपोआप आटलं की ते उतरवा. हे एकट्याने करू नका, सागवानी दार भारी असतं. दोन स्टुलांवर गोणपाट घालून त्यावर आडवं ठेवा. खालची-वरची कड आधी ८० नंबरच्या, मग १२० नंबरच्या काचपेपरने घासा, धूळ कोरड्या ब्रशने झटका. प्राइमरचा पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ करून द्या म्हणजे तो आत मुरतो. टोकांना तो बघता बघता गायब होतो, तिथे लगेच दुसऱ्यांदा ब्रश फिरवा. एक दिवस वाळवून दुसरा हात, मग ऑइलपेंटचे दोन. पॉलिशचं दार असेल आणि रंग नको असेल तर बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल चालतं, लाकूड प्यायचं थांबेपर्यंत देत राहायचं. पण पाण्याला रंग जास्त अडवतो, म्हणून न्हाणीघराच्या दाराला मी रंगच लावते. बेलतेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. अंगणात एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

यानंतरच्या पावसाळ्यातही दार थोडं फुगेलच, रंग ओलावा मंद करतो, पूर्ण थांबवत नाही. मग रंधा मारायचाच असेल तर दार उतरवलेलं असतानाच, मागच्या श्रावणात खडूने केलेल्या खुणेवर, दीड-दोन मिलिमीटर काढा आणि ती कड लगेच प्राइमरने बंद करा. रंधा खालच्या-वरच्या कडेवर चालवायचा झाला तर दोन्ही टोकांकडून मध्याकडे चालवा. सरळ पार नेला की शेवटी ढलपा उडतो.

न्हाणीघराच्या चौकटीचे पाय कुजले असतील तर अख्खी चौकट काढायची गरज नसते. पटाशीचं टोक टोचत वर जा, कडक लाकूड लागलं की त्याच्याही दोन इंच वर कापा. काप तिरका घ्या, उतार न्हाणीघराच्या बाजूला, म्हणजे सांध्यात पाणी थांबत नाही. नवीन तुकडा सागाच्या गाभ्याचा घ्या, पांढरं लाकूड वाळवी आधी खाते. सांध्याला साधा फेविकॉल नको, तो पाण्यात सुटतो. पाण्याला टिकणारा मरीन प्रकार मिळतो, तो मागा. तुकड्याचं खालचं टोक बसवण्याआधीच रंगवायचं आणि फरशीपासून किंचित वर ठेवून ती फट सिलिकॉनने भरायची.

नवीन दार करायला टाकणार असाल तर रंगाऱ्याशी भाव ठरवतानाच सांगा की दार टांगण्याआधी सहाही बाजूंना प्राइमर हवा, कुलपासाठी आणि बिजागरीसाठी कोरलेल्या खाचांनाही. पैसे देण्याआधी आरसा घेऊन जा.