सोफीची लढाई

काल रात्री कोथरूडच्या घरी पाऊस ऐकत सोफीबद्दल वाचत बसले आणि झोपच उडाली. जर्मनीतल्या थुरिंगिया राज्याची राजकन्या, संत एलिझाबेथची मुलगी. 1247 मध्ये तिचा काका, तिथला शासक हाइनरिख रास्पे निपुत्रिक वारला, नि हिने आपल्या जेमतेम अडीच वर्षांच्या पोरासाठी वारसा मागितला, समोर माइसनचा हाइनरिख, रास्पेच्या बहिणीचा मुलगा, पुढच्याच वर्षी नवराही गेला तरी बाई हटली नाही!! 1264 पर्यंत भांडण चाललं. शेवटी थुरिंगिया माइसनच्या हाइनरिखला, नि त्याच राज्याचा पश्चिमेकडचा हेसे भाग हिच्या मुलाला. मला सारखी ताराबाई आठवत होती, तीही मुलासाठीच लढली ना, आणि तिथेही सातारा-कोल्हापूर दोन गाद्या झाल्याच. हेसेतल्या मारबुर्ग शहराच्या चौकात सोफीचा पुतळा आहे, पोराला घेऊन उभी. एकदा बघायचाच आहे.