एकमताने की बिनविरोध?

शाळकरी मुलांच्या पूरक वाचनाची भाषांतरं मी बरीच वर्षं करतेय. 'वसाहत' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर एमआयडीसी येते, हे अंगवळणी पडलंय. पण परवा शेवटच्या प्रुफात एका शब्दाने अख्खी दुपार खाल्ली.

मी लिहिलं होतं, '२ जुलै १७७६ रोजी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा ठराव बिनविरोध मंजूर झाला.' संपादकांनी 'बिनविरोध' खोडून 'एकमताने' केलं. फोन केला तर म्हणाले, "मॅडम, एकच की ते! स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या मथळ्यातच आहे."

एकच कसं? फिलाडेल्फियात भरलेल्या काँग्रेसमध्ये, म्हणजे तेरा वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत, दर वसाहतीला एक मत. १ जुलैच्या चाचपणीत नऊ वसाहती बाजूने. पेनसिल्व्हेनिया, साउथ कॅरोलिना विरोधात. डेलावेअरच्या हजर दोघांची तोंडं दोन दिशांना. न्यूयॉर्कवाल्यांना घरून परवानगीच नव्हती, ते गप्प. तेरात नऊ म्हणजे घसघशीत बहुमत, तरी अंतिम मतदान दुसऱ्या दिवसावर टाकलं. ऐन मधली पेनसिल्व्हेनियाच बाहेर राहिली असती, तर राजाशी लढणार कसे?

रात्रीतून डेलावेअरचा तिसरा प्रतिनिधी सीझर रॉडनी पावसापाण्यात घोडा दामटत आला आणि डेलावेअर फिरली. पेनसिल्व्हेनियाच्या विरोधकांपैकी डिकिन्सन आणि रॉबर्ट मॉरिस मतदानाला बसलेच नाहीत, म्हणून पेनसिल्व्हेनिया तीन विरुद्ध दोन अशी वळली. आपल्याकडे अविश्वास ठरावाच्या दिवशी एखादा सदस्य नेमका आजारी पडतो, तसंच. साउथ कॅरोलिनाही आली. बारा विरुद्ध शून्य, न्यूयॉर्क तटस्थ. याला मराठीत बिनविरोधच म्हणतात.

न्यूयॉर्कने होकार दिला ९ जुलैला. म्हणून ४ जुलैला मंजूर होऊन त्याच रात्री डनलॅप या मुद्रकाने छापलेल्या जाहीरनाम्याच्या पत्रकावर 'एकमताने' नाही. १९ जुलैला चर्मपत्रावर प्रत करायचं ठरलं, तेव्हा तो शब्द मथळ्यात घातला; वर तारीख मात्र ४ जुलैचीच! संपादकांचा पुरावा तो हा. (त्याच मथळ्यातल्या 'संयुक्त'चं पहिलं अक्षर इंग्रजीत लहान आहे. म्हणजे ते अजून देशाचं नाव नव्हे, नुसतं विशेषण. देवनागरीत हे दाखवायचं कसं, ते मला आजही सुचलेलं नाही.)

तासाभराने ते 'बिनविरोध'वर आले. न्यूयॉर्कबद्दल एक ओळ घालायलाही तयार झाले, पण पान वाहत होतं. "एक ओळ तुम्ही सोडा," म्हणाले.

शेवटच्या परिच्छेदात एक ओळ होती: गुलामांच्या व्यापारावर कोरडे ओढणारा, जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्या जेफरसनचा मजकूर काँग्रेसने मसुद्यातून वगळला, जेफरसनच्या म्हणण्यानुसार, साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाचं मन राखायला.

मी म्हटलं, ती काढा.